ढकलता दांडा, ओढता दांडा आणि चालकाची कंबर

झाडीपट्टीत शर्यत म्हटली की आधी शंकरपट आठवतो. पटातल्या छकड्याला दोन चाके, एक आस आणि वर जेमतेम टेकायला जागा असते. स्प्रिंग नावाची वस्तू त्यात कुठेच नसते. चाक ढेकळावर आदळले की तो धक्का आसातून लाकडात आणि लाकडातून थेट धुरकऱ्याच्या अंगात जातो. गुडघे आणि कंबर सैल ठेवून तो धक्का झेलतो, म्हणजे स्प्रिंगचे काम त्याचे शरीरच करते. पट काही सेकंदांत संपतो, म्हणून हे चालून जाते. तेच शरीर रोज आठ तास असे वापरले तर काय होईल, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायला आपण दुसऱ्या टोकाच्या शर्यतीकडे, फॉर्म्युला वनकडे जाऊ. तिथे चाक आणि गाडी यांच्यामध्ये काय ठेवायचे यावर जगातले हुशार अभियंते वर्षानुवर्षे डोके चालवत आले आहेत.

या गाड्यांविषयी बोलताना ‘पुशरॉड’ आणि ‘पुलरॉड’ हे दोन शब्द हमखास येतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत तर यावर वाद झडतात. आपल्याकडेही आयआयटी मुंबईसारख्या संस्थांचे विद्यार्थी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ प्रकारच्या स्पर्धांसाठी स्वतः शर्यतीची छोटी गाडी बांधतात. कोइंबतूरच्या ट्रॅकवर होणारी ‘फॉर्म्युला भारत’ ही त्यातलीच एक स्पर्धा. गाडीचा आराखडा काढायला बसले की या दोनपैकी काय निवडायचे, हा प्रश्न प्रत्येक चमूपुढे येतो. ऐकायला अवघड वाटले तरी हे प्रकरण सायकल चालवणाऱ्या कोणालाही समजेल असे आहे.

दांड्यांच्या ब्रेकची सायकल आठवा

साध्या मोटारीत स्प्रिंग आणि शॉकअप चाकाच्या अगदी शेजारी उभे असतात. शर्यतीच्या गाडीची चाके मात्र उघडी असतात. तिथे जाड स्प्रिंग लावली तर ती वाऱ्याच्या आड येते. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप गाडीच्या अंगात लपवतात आणि चाकाची हालचाल एका बारीक दांड्याने आत पोचवतात. आत हा दांडा एका खिळीभोवती फिरणाऱ्या छोट्या तुकड्याला जोडलेला असतो. त्याला रॉकर म्हणतात. एका बाजूने आलेली हालचाल दुसऱ्या दिशेला वळवायची, एवढेच त्याचे काम.

जुन्या काळ्या, उंच सायकलचा मागचा ब्रेक आठवा. त्यात वायर नसायची, दांडे असायचे. हँडलजवळची मूठ आवळली की दांडा ओढला जायचा, पेडलजवळच्या सांध्यापाशी ती ओढ दिशा बदलायची आणि मागच्या चाकावर ब्रेकचे रबर बसायचे. दिशा बदलणारा तो सांधा म्हणजेच रॉकर. शर्यतीच्या गाडीत तीच युक्ती आहे, फक्त मूठ आवळण्याचे काम रस्ता करतो.

आता दोन प्रकार पाहू. शर्यतीच्या गाडीचे चाक वर आणि खाली अशा दोन आडव्या हातांनी गाडीच्या अंगाला जोडलेले असते. पुशरॉड प्रकारात दांड्याचे बाहेरचे टोक चाकाजवळ खालच्या बाजूला असते आणि तिथून तो तिरका वर चढत गाडीच्या अंगात जातो. रॉकर वर बसवलेला असतो. चाक उंचवट्यावर चढले की दांडा आत ढकलला जातो, रॉकर फिरतो आणि स्प्रिंग दबते. दांड्यावर दाब येतो, म्हणून हा ढकलता दांडा.

पुलरॉडमध्ये सगळे उलटे. दांड्याचे बाहेरचे टोक चाकाजवळ वरच्या बाजूला असते आणि तिथून तो तिरका खाली उतरतो. रॉकर, स्प्रिंग आणि शॉकअप गाडीच्या तळाशी असतात. चाक वर उचलले की दांड्याचे वरचे टोक रॉकरपासून दूर जाते. दांडा ताणला जातो, रॉकरला ओढतो आणि स्प्रिंग दबते. दांड्यावर ओढ येते, म्हणून हा ओढता दांडा.

दोघांचा हिशेब

ओढत्या दांड्याचा पहिला फायदा आपल्या रोजच्या अनुभवातला आहे. बांबूची बारीक काडी दोन्ही टोकांनी ओढली तर सहज तुटत नाही, पण तीच काडी टोकांवरून दाबली की मध्येच वाकते. दाब सोसणारा दांडा वाकू नये म्हणून जाड करावा लागतो, ओढ सोसणारा बारीक चालतो. दुसरा फायदा असा, की स्प्रिंग, शॉकअप, रॉकर हे जड सामान तळाशी गेल्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी स्थिर राहते.

तोटेही तितकेच खरे आहेत. तळाशी दडलेल्या स्प्रिंगपर्यंत मेकॅनिकचा हात सहज पोचत नाही. पुशरॉडमध्ये वरचे झाकण काढले की सगळे समोर असते. स्पर्धेच्या मैदानावर मिनिटामिनिटाला घाई असणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

कोनाचाही प्रश्न आहे. समजा एका चाकावर २०० किलो भार आहे. दांडा जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ढोबळ हिशेबाने त्याच्यावर ४०० किलोचा जोर येतो. तोच दांडा १० अंशांवर, म्हणजे जवळजवळ आडवा असेल, तर जोर साडेअकराशे किलोच्या आसपास जातो. दांडा जितका आडवा, तितका त्याच्यावरचा ताण जास्त. म्हणून कुठला प्रकार निवडायचा हे बरेचदा गाडीच्या अंगाची उंचीच ठरवते. २०१२ साली फेरारीने पुढच्या चाकांना पुलरॉड लावला तेव्हा गाडीचे नाक उंच असल्याने तो दांडा जवळजवळ आडवा दिसत होता आणि त्यावर बरीच चर्चा झाली होती.

मग चांगला कोणता? याचे उत्तर रेड बुल संघाच्या दोन गाड्यांनी दिले आहे. २०२१ च्या गाडीत पुढे पुशरॉड होता आणि मागे पुलरॉड. २०२२ मध्ये नियम बदलले, गाडीच्या तळाखालून वाहणाऱ्या हवेला महत्त्व आले आणि संघाने दोन्ही उलटे केले. पुढे पुलरॉड आला, मागे पुशरॉड. मागचे सामान वर गेल्याने तळाशी हवेच्या बोगद्यांना जागा मिळाली. मॅक्स व्हर्स्टॅपेन दोन्ही वर्षी विश्वविजेता ठरला. दांडा ढकलता असो की ओढता, रॉकरची मापे योग्य ठेवली तर चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा हवा तेवढा मिळवता येतो. चाक दोन सेंटिमीटर उचलल्यावर स्प्रिंग एकच सेंटिमीटर दबेल अशी रचना केली, तर चाकाला ती स्प्रिंग एक चतुर्थांश कडक भासते. कारण हालचाल निम्मी होते आणि जोरही निम्माच पोचतो. हे दोन्ही प्रकारांत सारखेच लागू आहे.

थोडक्यात, दांड्याचा प्रकार ठरवताना विचार होतो तो जागेचा, वजनाचा आणि हवेचा. त्यात चालकाच्या पाठीचा विचार नसतो. शर्यतीच्या गाडीतली स्प्रिंग टायर जमिनीला चिकटून राहावा आणि गाडीची उंची हलू नये यासाठी असते. चालकाला आराम मिळावा हा तिचा हेतूच नाही. त्याची किंमत २०२२ साली सगळ्यांना दिसली.

बाकूची शर्यत आणि ज्यूलचा हिशेब

नव्या नियमांच्या गाड्या जमिनीलगत आणि फार कडक स्प्रिंगवर धावू लागल्या. सरळ रस्त्यावर वेग वाढला की तळाखालची हवा गाडीला खाली खेचायची, तळ जमिनीजवळ गेला की हवेचा मार्ग कोंडायचा, खेच सुटायची आणि गाडी वर उसळायची. सेकंदाला साधारण पाच-सहा वेळा हे होत राही. १२ जून २०२२ रोजी अझरबैजानमधल्या बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन पाठ धरून कसाबसा गाडीबाहेर आला. त्याची गाडी पुढे पुशरॉड, मागे पुलरॉड अशी होती. पण दोष दांड्यांचा नव्हता. हवेची खेच आणि जवळजवळ न दबणारी स्प्रिंग यांच्या जोडीचा होता.

जागतिक मोटारस्पर्धा महासंघाने चालकांच्या आरोग्याचे कारण देऊन लगेच हस्तक्षेप केला. ऑगस्टच्या अखेरीस बेल्जियमच्या शर्यतीपासून गाडीच्या उभ्या उसळण्याला मर्यादा आली. १०० किलोमीटरमागे दर किलोला १० ज्यूल, यापेक्षा जास्त उसळण चालणार नाही. बाकूनंतर अडीच महिन्यांत हे झाले. त्या मैदानात चालक होते वीस.

सेकंदाला पाच-सहा हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या कंपनाला सर्वांत जास्त प्रतिसाद देते ते साधारण सेकंदाला ४ ते ८ कंपने या टप्प्यात. झोपाळ्याला योग्य वेळी हलका धक्का दिला तरी झोका वाढत जातो, तसे या टप्प्यात आसनाचा हलका धक्काही पाठीच्या कण्यात आणि पोटातल्या अवयवांत मोठा होऊन पोचतो. मणक्यांमधल्या चकत्या पुन्हा पुन्हा दबतात, पाठीचे स्नायू सतत आवळलेले राहून थकतात. अशी नोकरी वर्षानुवर्षे करणाऱ्यांत कंबरदुखी आणि पायात उतरणारी कळ यांचे प्रमाण जास्त आढळते. जर्मनीसारख्या देशात ठरावीक अटींवर हा व्यवसायजन्य आजार मानला जातो.

चंद्रपूरचे डंपर, सूरजागडचे ट्रक

आता आपल्या जिल्ह्यांकडे वळू. चंद्रपूर परिसरातल्या खुल्या कोळसा खाणींत अवाढव्य डंपर दिवसरात्र पाळ्यांमध्ये धावतात. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडचे लोहखनिज ट्रकांनी बाहेर पडते. या वाहनांत पुशरॉड नाही आणि पुलरॉडही नाही. मोठ्या डंपरमध्ये तेल आणि नायट्रोजन वायू भरलेले जाड खांब स्प्रिंगचे काम करतात, तर बहुतेक ट्रकांत एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात. तरी भौतिकशास्त्र तेच.

एक सोपे सूत्र आहे. वाहनाच्या वजनाने स्प्रिंग किती सेंटिमीटर दबते ते पाहा, त्याचे वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. जे उत्तर येईल तितक्या वेळा ते वाहन सेकंदाला वरखाली होते. स्प्रिंग १६ सेंटिमीटर दबत असेल तर सव्वा वेळा, म्हणजे आरामशीर मोटारीसारखे. दोन सेंटिमीटरच दबत असेल तर साडेतीन वेळा. एकच सेंटिमीटर दबली तर पाच वेळा, म्हणजे बरोबर कण्याच्या नाजूक टप्प्यात.

ट्रकचे पाटे भरलेल्या गाडीचा विचार करून बनवलेले असतात. समजा माल भरल्यावर ते ९ सेंटिमीटर दबतात, तर गाडी सेकंदाला पावणेदोन वेळा डुलते. माल उतरवला आणि ते दोनच सेंटिमीटर दबलेले राहिले, तर तीच गाडी साडेतीन वेळा उसळते. रिकामा ट्रक जास्त आदळतो हे प्रत्येक चालकाला ठाऊक असते, त्यामागचे कारण हे आहे. त्यात परतीच्या वाटेवर वेगही जास्त असतो.

नागपूरच्या राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी भारतीय खाणींतल्या डंपर चालकांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. तुलनेसाठी घेतलेल्या, कंपन न सोसणाऱ्या कामगारांपेक्षा चालकांत कंबरदुखी जास्त आढळली. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात कामाच्या जागी अंगभर पोचणाऱ्या कंपनाला दोन रेषा आखल्या आहेत. आठ तासांच्या सरासरीने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडले की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ च्या पुढे कामगाराला बसवायचेच नाही. मोजण्यासाठी आसनावर ठेवायची एक चपटी चकती आणि एक नोंदयंत्र पुरते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेने ग्रामीण प्रौढांत कंबरदुखी मोठ्या प्रमाणावर असल्याचे दाखवून दिले आहे आणि त्या बहुतेकांनी कधी ट्रकचे स्टिअरिंग धरलेले नाही. वाकून केलेली धानाची रोवणी आणि डोक्यावरची ओझी पाठ झिजवायला पुरेशी असतात. त्यामुळे प्रत्येक चालकाची कंबर गाडीनेच दुखते असे नाही. पण ज्याच्या घरी शेती आहे आणि जो पाळीत डंपरही चालवतो, त्याच्या पाठीवर दोन्ही भार एकत्र पडतात.

काय करता येईल

सर्वांत स्वस्त उपाय वेग. रस्त्यावर दर दीड मीटरला उंचवटा असेल आणि गाडी ताशी ३० किलोमीटरने जात असेल, तर सेकंदाला साडेपाच धक्के बसतात. वेग निम्मा केला तर पावणेतीन. धक्के कमी होतातच, शिवाय शरीराच्या नाजूक टप्प्याच्या बाहेर जातात आणि त्यांचा जोरही उतरतो. रुग्ण किंवा गरोदर बाई घेऊन खराब रस्त्यावरून निघालेल्या गाडीच्या चालकानेही हे लक्षात ठेवावे. पक्क्या रस्त्यावर वेळ भरून काढता येतो.

दुसरा उपाय आसनाचा. मोठ्या वाहनांच्या आसनाखाली स्वतंत्र स्प्रिंग किंवा हवेची पिशवी असते आणि बसणाऱ्याच्या वजनानुसार ती जुळवायची कळ असते. पाळी बदलली, दुसरा माणूस बसला, तरी कळ तशीच राहते. ऐंशी किलोच्या माणसासाठी लावलेले आसन पन्नास किलोच्या माणसाला कडक लागते, तर पन्नास किलोचे आसन ऐंशीच्या माणसाला तळाशी आपटवते. ही जुळवणी अर्ध्या मिनिटाची आहे. फाटलेला फोम आणि गळका शॉकअप यांची तक्रार नोंदवहीत लिहून द्यावी.

तिसरा उपाय सवयीचा. लांब पल्ल्यानंतर खाली उतरल्या उतरल्या पोते किंवा टायर उचलू नये. पाठीचे स्नायू थकलेले असतात, पाच-दहा मिनिटे चालून घ्यावे. आसनावरून खाली उडी मारू नये, पायऱ्या वापराव्यात. एसटीत कंबरदुखी असणाऱ्याने मागच्या चाकाच्या वरची आणि त्यामागची बाके टाळून मधली जागा घ्यावी, तिथे उसळण कमी असते. ताडोब्याच्या जिप्सीलाही हेच लागू आहे. तिच्या चारही चाकांना पाटेच असतात, म्हणून पाठीचा त्रास असणाऱ्याने अगदी मागचे उंच बाक घेऊ नये.

कंबरदुखीसोबत पायात मुंग्या, बधिरपणा किंवा पाऊल उचलताना अशक्तपणा जाणवला तर दुखणे गोळीवर ढकलू नये, डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

चौथा उपाय चालकाच्या हातात नाही. खाणीतला वाहतुकीचा रस्ता ग्रेडर फिरवून सपाट ठेवणे, पाट्यांची आणि वायूखांबांची वेळेवर देखभाल आणि वर्षातून एकदा तरी आसनावरचे कंपन मोजून चालकाला तो आकडा सांगणे, ही कामे व्यवस्थापनाची आणि कंत्राटदाराची आहेत. कायम कामगार असो की ठेकेदाराचा, कणा सारखाच. वीस शर्यतपटूंसाठी अडीच महिन्यांत मोजमापाची पट्टी तयार झाली. आपल्या डंपर चालकांसाठी ती पट्टी जगात आधीच तयार आहे. ती आसनावर ठेवून आकडा वाचायचा, एवढेच उरले आहे. आणि अभियांत्रिकीच्या ज्या मुलामुलींना पुशरॉड-पुलरॉडच्या वादात रस आहे, त्यांनी शर्यतीची गाडी जरूर बांधावी. त्याच कोनांच्या आणि स्प्रिंगच्या गणिताने चंद्रपूरच्या एखाद्या रिकाम्या ट्रकचे आसनही तपासून पाहावे.